ऑइलमध्ये पाणी आलंय, असं मेकॅनिक म्हणाला?

अगं, आधी मला एक सांग. त्या मेकॅनिकने ऑइलची पट्टी दाखवल्यानंतर तू गाडी पुन्हा चालू केलीस का? नसशील केली तर निम्मं काम झालं. केली असशील तरी रडत बसू नकोस, पण आता किल्ली पर्समध्ये टाक आणि माझं बोलणं संपेपर्यंत बाहेर काढू नकोस. नवरा रास लफानला शिफ्टवर, घर मुएथरला, पोरांची शाळा अबू हमूरला, आणि गाडी दारात मरून पडलेली. इथे कतारला, अल रय्यानमध्ये राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींवर ही वेळ आलेली मी पाहिली आहे. यातून गाडी वाचते. बऱ्याचदा वाचते. मात्र पहिल्या दोन दिवसांत कोण काय करतं यावर सगळं ठरतं.

आता घरून फोन येईल. सांगलीचे काका म्हणतील, ‘एकदा स्टार्ट करून अर्धा तास ठेव, इंजिन तापलं की पाणी उडून जाईल.’ काकांचा हेतू चांगला आहे. त्यांनी त्यांच्या जुन्या जीपवर हे केलंही असेल. चार थेंब असतील तर वाफ होऊन जातातही. पण पाव लिटर, अर्धा लिटर पाणी असं जात नाही, ते ऑइलमध्ये घुसळलं जातं. इंजिनच्या आत क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो तिथे ऑइलचा अगदी पातळ थर असतो आणि धातूला धातूपासून लांब ठेवायचं काम तो थर करतो. पाणी मिसळलेल्या ऑइलला ते वजन पेलत नाही. थर तुटला की बेअरिंग घासतात, खालून ठकठक आवाज सुरू होतो, आणि ज्या कामाला ऑइल, फिल्टर आणि एक गॅस्केट पुरलं असतं त्या कामासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं. म्हणून काकांना हो म्हण आणि फोन ठेव.

मग स्वतः बघ. मेकॅनिकने सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, अविश्वासही दाखवायचा नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. गाडी सपाट जागी, इंजिन गार. ऑइलची पट्टी ओढून काढ, पुसून परत घाल, पुन्हा काढ. चांगलं ऑइल मधाच्या रंगाचं असतं किंवा काळपट. पाणी शिरलेलं ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतं, तसंच फिकट आणि गढूळ. दुसरी खूण अशी की पट्टीवरची पातळी वाढलेली असते. कुणी ऑइल भरलं नाही तरी वर चढलंय, याचा अर्थ आत दुसरं काहीतरी आलंय. मग ऑइल भरायचं झाकण उघडून खालची बाजू बघ. आणि शेवटी कूलंटची टाकी. तिच्यात तेलकट चिकट साय तरंगत असेल तर पाणी आणि ऑइल यांची आतून गाठ पडलेली आहे.

एक सवलत मात्र देते. जानेवारीत, थंडीच्या दिवसांत, गाडी फक्त शाळेपर्यंत आणि परत एवढीच धावत असेल तर झाकणाखाली पिवळट पांढरा फेस जमतो. इंजिन नीट तापतच नाही, हवेतला ओलावा तिथे साचतो. पट्टी स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल, तर घाबरू नकोस. एकदा सलवा रोडवरून गाडी लांबवर हाकून आण आणि पुन्हा बघ. या फेसापायी इंजिन उघडायला निघालेले मेकॅनिकही असतात.

तर पाणी खरंच आलेलं आहे असं धरू. आता मेकॅनिकला विचारायचा प्रश्न एकच: ‘पाणी आया कहाँ से?’ हा प्रश्न न विचारता जी बाई ऑइल बदलून घरी येते, ती पंधरवड्यात परत तिथेच जाते. ऑइल बदलणं ही साफसफाई झाली. दुरुस्ती म्हणजे पाणी ज्या वाटेने आलं ती वाट बंद करणं. तू मेकॅनिक नाहीस, मीही नाही, पण एवढं विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही.

वाटा मुख्य दोन. एक बाहेरून, म्हणजे पावसाची. तू हसशील, वाळवंटात कसला पाऊस? दोह्याची वर्षाची सरासरी जेमतेम ७५ मिलिमीटर. आपल्याकडे २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यापुढे हे काहीच नाही. पण इथे तोच वर्षाचा पाऊस कधीकधी एका दिवसात येतो. २० ऑक्टोबर २०१८ ला तसाच आला होता, त्याआधी नोव्हेंबर २०१५ मध्येही. जमीन कडक, पाणी जिरत नाही, आणि भुयारी रस्ते तर बघता बघता भरतात. आपण कोकण-कोल्हापूरच्या बायका, पावसाला घाबरत नाही, तिथेच फसगत होते. समोरची लँड क्रूझर पाणी कापत गेली म्हणून आपण आपली छोटी सेडान तिच्यामागे घालतो. तिचा हवा घ्यायचा पाइप वर आहे, आपला बंपरच्या मागे, खाली. समोरच्या गाडीने उडवलेल्या लाटेत तो बुडतो आणि इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वर पाणी भरलेलं, जागा नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी पाण्यात बंद पडली आणि तू तिथेच दोनचार वेळा स्टार्टर मारलास, तर त्या दोनचार वेळांतच तो वाकू शकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टरला हात नाही. हॅझर्ड लाइट लाव, पोरांना घेऊन सुरक्षित जागी जा, रिकव्हरीला फोन कर. रिकव्हरीवाल्यालाही सांग, गाडी उचलून न्यायची, ओढत न्यायची नाही. ऑटोमॅटिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढली की गिअरबॉक्सचंही नुकसान होतं, आणि मग एकाच्या जागी दोन दुखणी.

दुसरी वाट आतून, आणि अल रय्यानमधल्या बहुतेक गाड्यांचं खरं दुखणं हेच आहे. पाऊस इथे वर्षातून कधीतरी, पण जुलै-ऑगस्ट दरवर्षी. बाहेर ४५ अंश, रस्ता त्याहून तापलेला, सिग्नलला गाडी उभी, एसी फुल, आणि रेडिएटरमध्ये कुणीतरी नळाचं पाणी भरलेलं. इंजिनमध्ये दोन द्रव शेजारी शेजारी फिरत असतात, एका वाटेने ऑइल, दुसऱ्या वाटेने कूलंट. त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी असतं ते एक पातळ गॅस्केट. खाली इंजिनचा ब्लॉक, वर हेड, मध्ये हेड गॅस्केट. हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं. गाडी एकदा चांगली तापली, काटा लाल रेषेवर गेला आणि तरी ‘घर आलंच आहे’ म्हणून कुणी हाकत राहिलं, की हेड किंचित वाकतं. किंचित म्हणजे किती? बऱ्याच गाड्यांत कंपनीने दिलेली मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. ती ओलांडली की गॅस्केट सुटू शकतं आणि कूलंट ऑइलच्या वाटेला लागतं.

नळाच्या पाण्याचं मी इतकं का सांगते? कारण कूलंटमध्ये गंज थांबवणारी रसायनं असतात, साध्या पाण्यात नसतात. साधं पाणी लवकर उकळतं, आतून गंज चढवतं, क्षार साठवतं. मग वॉटर पंपची पाती खराब होतात, रेडिएटर चोंदतो, गाडी तापते, आणि पुढचं सगळं मागोमाग येतं. पेट्रोल पंपावरचा भला माणूस टाकी रिकामी दिसली की बाटलीतलं पाणी ओतून देतो. त्याला ‘नको’ म्हण. डिकीत तयार मिसळलेल्या कूलंटचा एक कॅन ठेव, तुझ्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचा. हिरवा आणि गुलाबी मिसळायचा नाही. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, मरेल ती गाडी मरू दे. हात आणि चेहरा भाजलेल्या बायका मला पाहायच्या नाहीत.

याच ओघात एक आठवलं. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं. इथे प्रत्येक विलाच्या भिंतीवर मांजरं. गाडीखाली हिरवं डबकं दिसलं तर लगेच पाणी मारून, पुसून टाक, पोरांना लांब ठेव.

आतली वाट दरवेळी गॅस्केटचीच असते असं नाही. काही गाड्यांत ऑइल कूलर असतो, तिथे ऑइल आणि कूलंट एका छोट्या डब्यात शेजारी फिरतात. त्या डब्याचं सील गेलं तरी अगदी हीच लक्षणं दिसतात, आणि ते काम हेड उघडण्यापेक्षा खूप स्वस्त. म्हणून हेड उघडायच्या आधी कूलर तपासला का, हे विचारायचंच. ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक सोंग: गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारी नळी बऱ्याचदा रेडिएटरच्या आतूनच जाते. ती फुटली की पाणी इंजिनऐवजी गिअरबॉक्समध्ये जातं आणि तिथलं लाल ऑइल गुलाबी दुधाळ होतं. तो गिअरबॉक्स मग फार दिवस टिकत नाही. पावसात अडकलेल्या गाडीचं गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शिअलचं ऑइलही उघडून बघायला सांग. लोक इंजिनवर इतकं लक्ष ठेवतात की खालचं विसरतात.

आता गॅरेज. इंडस्ट्रियल एरिया, आपली सनाया, अल रय्यानच्याच हद्दीत आहे, तेव्हा लांब कुठे जायचं नाही. एजन्सीची वॉरंटी चालू असेल तर आधी एजन्सी. वॉरंटी असताना बाहेर इंजिन उघडलं तर त्यांच्याशी वाद घालायला जागा उरत नाही. वॉरंटी संपलेली असेल तर सनाया. शुक्रवारी सकाळी जाऊ नकोस, बहुतेक शटर बंद असतात. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावरच्या कामाला सकाळी १० ते दुपारी ३:३० बंदी असते. गॅरेजच्या शेडखाली काम चालतं, पण त्या वेळेत माणूस शेडखालीही भाजतो, आणि भाजलेल्या माणसाकडून नीट उत्तर मिळत नाही. संध्याकाळी जा. मल्याळी असेल तर ‘चेट्टा’ म्हण, पाकिस्तानी असेल तर ‘उस्ताद’. हिंदी बहुतेकांना येते. एकटी जायला भिऊ नकोस. बाई आलीय म्हणून चहा विचारतील, खुर्ची देतील, आणि कदाचित बिलही थोडं फुगवतील. त्याला उपाय एकच, तुला कामाची भाषा यायला हवी. म्हणून पुढचं नीट ऐक.

पावसाचं पाणी शिरलं असेल तर क्रम असा. आधी बॅटरीची तार काढायची. एअर फिल्टरचा डबा उघडायचा. कागद कोरडा असेल तर देवाचे आभार मान, पाणी बहुधा आतपर्यंत गेलेलं नाही. ओला असेल तर सगळे स्पार्क प्लग काढायचे आणि क्रँक पाना लावून हाताने फिरवायचा. प्लगच्या भोकांतून पाणी उडतं ते उडू दे. हाताने फिरवताना कुठे अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. सहज फिरला तर प्रत्येक भोकात थोडं स्वच्छ ऑइल सोडायचं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला गंज चढणार नाही. दमट हवेत तो फार लवकर चढतो, म्हणून ‘वीकएन्डला बघू’ हे चालत नाही.

मग खालचं चेंबर. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. गाडी रात्रभर उभी असेल तर ड्रेन बोल्ट सैल करताच आधी नुसतं पाणी येतं, मागून ऑइल. हे बघायला स्वतः उभी राहा आणि मोबाइलवर व्हिडिओ घे. किती पाणी निघालं यावरून पुढचं बरंच कळतं. बोल्ट लगेच लावू देऊ नकोस, शेवटचा थेंब निथळेपर्यंत तासन् तास उघडा ठेवायचा. ऑइल फिल्टर नवा. मग कुठलंही साधं, स्वस्त पण नवं ऑइल योग्य पातळीपर्यंत भरायचं. हे ऑइल धुण्यापुरतं आहे, महागडं सिंथेटिक यात ओतून पैसे वाया घालवायचे नाहीत. प्लग लावायच्या आधी, बॅटरीची तार परत जोडून, गाडीच्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, स्टार्टरवर इंजिन थोडं फिरवायचं, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचतं. त्यानंतर प्लग लावून इंजिन चालू करायचं, रेस न देता थोडा वेळ, गरम होईपर्यंत. कान देऊन ऐकायचं. ठकठक आली तर बंद. नाही आली तर गरम असतानाच ते ऑइल काढायचं. ते पुन्हा गढूळ निघेल. घाबरायचं नाही, इंजिनच्या कानाकोपऱ्यात, वाहिन्यांत, वरच्या कव्हरखाली पाणी लपलेलं असतं. पुन्हा स्वस्त ऑइल, पुन्हा नवा फिल्टर, पुन्हा तेच. बहुतेक वेळा दोनतीन धुण्यांत ऑइल स्वच्छ निघायला लागतं. स्वच्छ निघालं की मगच पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं चांगलं ऑइल, आणि ते सुद्धा हजार किलोमीटरच्या आत एकदा बदलून टाकायचं.

काही मेकॅनिक चेंबरमध्ये डिझेल ओतून इंजिन चालवायला बघतात, ‘मॅडम, एकदम साफ हो जाएगा’ म्हणून. मला हे पटत नाही. साफ होईल, पण डिझेल पातळ असतं, बेअरिंगवर थर धरत नाही, आणि आपण ज्या संकटातून बाहेर यायला बघतोय त्यातच पुन्हा पाय टाकतो. ऑइलचे दोन कॅन जास्त लागले तर लागू देत.

इंजिन चालू झालं म्हणजे वाचलं असं समजू नकोस. कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावायची. प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मीटरवर दिसतं, पेट्रोल गाडीत साधारण १५० ते २०० पीएसआय. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, पण सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत, फार तर दहापंधरा टक्क्यांचा फरक. एकच सिलिंडर खूप खाली असेल तर त्याचा रॉड वाकलेला असू शकतो. असा रॉड कधीकधी महिना दोन महिने चालतो आणि मग एके दिवशी हायवेवर ब्लॉक फोडून बाहेर येतो. प्रत्येक सिलिंडरच्या आकड्याचा मीटरसकट फोटो माग. जो द्यायला कां कूं करतो, त्याच्याकडून गाडी उचलून दुसऱ्याकडे ने.

आतून आलेलं पाणी असेल तर धुण्याआधी शोध. कूलंटच्या वाटेत हवेचा दाब भरून ठेवतात आणि दाब उतरतो का बघतात, ही प्रेशर टेस्ट. दुसरी एक छोटी चाचणी आहे, रेडिएटरच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी लावतात. कूलंटमध्ये इंजिनातला धूर मिसळत असेल तर निळं पाणी पिवळं होतं. बघायला मजा येते, पोरांना घेऊन जा हवं तर. हे दोन्ही न करता ‘हेड गॅस्केट गया’ म्हणून निदान देणाऱ्याला थांबव.

हेड उघडायचंच ठरलं तर तीन गोष्टींवर हटून बस. हेड मशीन शॉपमध्ये पाठवून सपाट आहे का, कुठे तडा गेलाय का, हे तपासून घ्यायचं. नुसतं जुनं गॅस्केट खरवडून नवं चिकटवणं म्हणजे पुढच्या ऑगस्टला हेच पुन्हा. दुसरं, ज्या गाड्यांचे हेडचे बोल्ट आवळताना ताणले जातात, त्यांचे बोल्ट नवेच घ्यायचे, आणि ते कंपनीने दिलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळायचे, अंदाजाने नाही. तिसरं, थर्मोस्टॅट. आपल्याकडचे आणि इथलेही कितीतरी मेकॅनिक ‘गरम मुलूख आहे, कशाला हवाय’ म्हणून तो काढून फेकतात. त्याने इंजिनचं तापमान नीट नियंत्रणात राहत नाही, गाडीचा काँप्युटरही गोंधळतो. नवा बसवून घे, महाग नसतो. मुळात गाडी तापली का, पंख्यामुळे, पंपामुळे, की रेडिएटरमुळे, हे सापडल्याशिवाय हेड परत बसवू देऊ नकोस.

आणि त्या बाटल्या. ‘रेडिएटरमध्ये ओता, गळती आपोआप बंद’ असं लिहिलेल्या. गाडी उद्या विकायची आहे आणि मनाला लाज नाही, अशाच माणसाच्या त्या कामाच्या. गळतीबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही त्या बंद करतात.

कुठे थांबायचं हेही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. ठकठक सुरू झालेली असेल, कॉम्प्रेशन पडलेलं असेल, किंवा ब्लॉकलाच तडा असेल, तर जुन्या गाडीचं इंजिन बांधत बसू नकोस. आखातात जपानहून आलेली वापरलेली इंजिनं मिळतात, सनायातही. ते घ्यायचं तर बसवण्याआधी त्याचं ऑइल चेंबर, कॉम्प्रेशन बघून घे आणि निदान महिन्याची तरी लेखी हमी घे. सगळा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर माझं मत विकून टाकावी. पण गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर ते फिटल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तेव्हा आधी बँकेत विचार. इस्तिमारा, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, कुणाच्या नावावर आहे तेही एकदा बघून ठेव. नवरा सुट्टीवर भारतात गेला असताना या कागदांवाचून अडून बसलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत.

विम्याचंही आजच वाच, पाऊस आल्यावर नाही. नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे का, पूर येतो का त्यात. आणि सांगलीच्या काकांनाही सांग: भारतात नेहमीच्या पॉलिसीत पाणी ओढून बिघडलेल्या इंजिनाचा खर्च बहुधा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तशा पुरात हे कलम असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

जुनी गाडी घेणार असशील तर आणखी जप. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अमिरातीत हजारो गाड्या बुडाल्या होत्या. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे एका दिवसाच्या आत २५० मिलिमीटरच्या वर पडला. बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून बाजारात येतात, एका देशातून दुसऱ्या देशातही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, तळाशी चिखलाची रेघ असते. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाल. सीटखालचे बोल्ट गंजले आहेत का बघ. फाहिस या गाड्यांच्या तपासणी केंद्रात पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नकोस. तीन वर्षांपुढची गाडी दरवर्षी तिथे जाते खरी, पण ते कुणाचं इंजिन उघडून बघत नाहीत.

आता घरातलं. तू नवऱ्याला अजून सांगितलं नाहीस ना? तुझ्या आवाजावरूनच कळलं. ‘शिफ्ट संपू दे, उगीच काळजी नको’ असं म्हणतेस, पण आतून तुला ओरडा खायची भीती आहे. आज रात्रीच सांग. गाडी तापत होती आणि काटा वर जात होता हे महिनाभर दडवून ठेवलेलं असेल तर तेही सांग, मेकॅनिकलाही सांग. किती दिवस तापत होती यावर निदान बदलतं. भांडण झालं तर होऊ दे, भांडण स्वस्तात मिटतं. आणि पुढच्या वेळी काटा वर जायला लागला की एसी बंद, हीटर फुल, रस्त्याच्या कडेला, इंजिन बंद. ऑगस्टमध्ये हीटर लावणं कसं वाटतं ते मला माहीत आहे. तरी लाव, तो इंजिनची उष्णता ओढून घेतो.

गाडी गॅरेजात असेपर्यंत पोरांच्या शाळेसाठी शेजारणीला विचार, लाजू नकोस, तिच्यावरही ही पाळी येणार आहे. तुझ्या बाकीच्या कामांना मेट्रोची ग्रीन लाइन आहे, डिसेंबर २०१९ पासून एज्युकेशन सिटी आणि मॉल ऑफ कतारपर्यंत जाते, आणि स्टेशनपर्यंत मेट्रोलिंकची बस. आठदहा दिवस निघून जातात. घाई केलीस तर मेकॅनिक ऑइल एकदाच धुऊन गाडी हातात देईल.

बिल देताना जुने भाग मागून घे, गॅस्केट, बोल्ट, फिल्टर, सगळे. गॅस्केट उजेडात धरून बघ, जिथून फुटलं तिथे काळी रेघ दिसते. बिलावर काय काय बदललं ते लिहून घे आणि शिक्का माग.

मग घरी आणल्यावर पहिला महिनाभर रोज सकाळी, गाडी गार असताना, पट्टी आणि कूलंटची टाकी बघायची. कूलंट खाली गेलं की मला फोन, पट्टी दुधाळ दिसली की मला फोटो. आत्ता मात्र आधी रिकव्हरीवाल्याला फोन लाव, आणि ‘उठाके ले जाना, खिंचके नहीं’ हे त्याला दोनदा सांग.